कोणत्या पलटणीत लागला? नव्या लेफ्टनंटच्या आर्ममागचा इतिहास

गावचा पोरगा लेफ्टनंट झाला की चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो आणि पारावरून पहिला प्रश्न येतो, "कोन्या पलटनीत लागला जी?" घरच्यांना याचं उत्तर बहुतेक वेळा देता येत नाही. 'देहरादूनहून पास झाला' एवढंच त्यांना ठाऊक असतं. प्रश्न मात्र अगदी मुद्द्याचा आहे. पायदळ, चिलखती दल, तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स (संदेशवहन), एएससी (रसद आणि वाहतूक), ऑर्डनन्स (शस्त्रं-दारूगोळ्याचा साठा) यांपैकी जी शाखा, म्हणजे 'आर्म', वाट्याला येते, त्यावर त्या पोराची पुढची सगळी नोकरी ठरते. ही वाटणी कशी होत आली, याचा एक धागा थेट आपल्या अचलपुरात निघतो. तो विदर्भातच कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी माणूस फार तर सुभेदार-मेजर व्हायचा. त्याच्यावर हुकूम चालवायला कालपरवा आलेला गोरा लेफ्टनंट असायचा. 1918 पासून सँडहर्स्टमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या लष्करी अकॅडमीत, हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. पण कमिशन, म्हणजे अधिकारपद, मिळालं तरी त्यांना पाठवायचं कुठे, हा इंग्रजांपुढे पेच होता. कारण उद्या बढती मिळाली की गोरे अधिकारी हिंदी माणसाच्या हाताखाली येणार. 1923 मध्ये सरसेनापती रॉलिन्सन यांच्या काळात त्यावर तोड निघाली. घोडदळाच्या दोन आणि पायदळाच्या सहा, अशा आठच पलटणी हिंदी अधिकाऱ्यांसाठी ठरवून दिल्या. कितीही हुशार असला तरी त्या आठांबाहेर जागा नाही. तेव्हा पसंती वगैरे विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या आठांत एक होती 19व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी बटालियन. तिचं मूळ 1788 सालचं, एलिचपूरच्या, म्हणजे अचलपूरच्या नवाब सलाबतखानाने उभ्या केलेल्या फौजेत. पुढे ही फौज हैदराबाद कंटिन्जंटमध्ये गेली. कंटिन्जंट नावाला निजामाची, हुकूम इंग्रजांचा. तिचा खर्च थकला म्हणून 1853 मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड लावून घेतला. म्हणजे त्या पलटणींचा पगार वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीच्या शेतसाऱ्यातून निघत होता. आपल्या पणजोबांच्या कपाशीवर उभी राहिलेली फौज होती ती! कंटिन्जंटची छावणी ज्या परतवाड्याला होती, तिथून आज आपण चिखलदऱ्याची गाडी पकडतो. 1903 मध्ये या पलटणी भारतीय सैन्याच्या क्रमांकात घेतल्या गेल्या. त्यांतल्या एकीचं नाव तर 96वी बेरार इन्फंट्री असं होतं.

याच चौथ्या बटालियनमध्ये के. एस. थिमय्या आले आणि एस. एम. श्रीनागेशही. दोघेही पुढे लष्करप्रमुख झाले. 1945 मध्ये रेजिमेंटचं नाव बदलून कुमाऊँ झालं. 3 नोव्हेंबर 1947 ला बडगामला लढताना पडलेले, पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा 4 कुमाऊँचेच. अचलपूरच्या शाळांत हे शिकवलं पाहिजे.

1932 मध्ये देहरादूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत 40 जण होते आणि सॅम माणेकशा त्यांतलेच. तरी तोफखान्याचं दार बंदच होतं. 1857 नंतर डोंगरी तोफा सोडल्या तर हिंदी हातात तोफ द्यायची नाही, असं धोरण होतं. पहिली हिंदी फील्ड तोफखाना ब्रिगेड उभी राहिली ती 1935 मध्ये. बाकी भिंत पडली ती दुसऱ्या महायुद्धात. अधिकारी कमी पडायला लागले आणि आठ पलटणींचं कुंपण निघून गेलं.

कुंपण फक्त अधिकाऱ्यांनाच नव्हतं. महार समाजाची भरती 1890च्या दशकात बंद केली गेली होती. पहिल्या महायुद्धात 111वी महार उभी राहिली, तीही 1921 मध्ये मोडली. 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि पुढे कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख तिच्यातूनच आले. ज्यांना शिपाई म्हणूनही नाकारलं, त्यांच्या नावाची रेजिमेंट आज नवा लेफ्टनंट आपल्या पसंतीत लिहितो.

आजची पद्धत अशी. प्रशिक्षण संपत आलं की कॅडेट आपल्या पसंतीचा क्रम भरून देतो. मग गुणवत्ता यादीतला नंबर, वैद्यकीय श्रेणी आणि त्या वेळी कुठे किती जागा आहेत, हे पाहून वाटप होतं. सगळ्यात जास्त जागा पायदळात असतात. पगारात फरक नसतो. लेफ्टनंटचं मूळ वेतन सगळीकडे 56,100 रुपयेच. पासिंग आउट परेडला अकॅडमीतली शेवटची पायरी, 'अंतिम पग', ओलांडली की खांद्यावर तारे चढतात. चिलखती दलाची टोपी काळी, पायदळाची हिरवी, तोफखान्याची गडद निळी. लांबून टोपी पाहूनच जाणकार ओळखतात.

यात आणखी एक गोष्ट आहे, पॅरेंटल क्लेम. वडील ज्या युनिटमध्ये होते, त्यावर मुलगा हक्क सांगू शकतो. युनिट म्हणजे कुटुंब, ही भावना यातून टिकते आणि त्याची किंमत मला कळते. पण दारव्हा किंवा सिंदखेडराजाच्या शेतकऱ्याच्या पोराला असा क्लेम नसतो, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे घरात विचारायला कुणी नसतं. पुलगावचा दारूगोळा डेपो सगळ्यांना माहीत असतो, कामठीचं गार्ड्सचं केंद्रही. पण डेपो ऑर्डनन्सचा आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्स पायदळाची, एवढं तरी त्याला पसंतीचा कागद हातात येण्याआधी कुणी समजावून सांगायला हवं. 2019 पासून चंद्रपूरला सैनिक शाळा आहे. तिथून आणि आजूबाजूच्या कॉलेजांच्या एनसीसीतून हे सहज होऊ शकतं.

घरच्यांना आणखी एक शंका असते. शीख किंवा नागा रेजिमेंट मिळाली तर आपल्या पोराचं कसं होईल? जवानांची भरती काही रेजिमेंटमध्ये अजूनही विशिष्ट समाजांतून होते. अधिकारी मात्र कुठलाही कुठेही जातो आणि जवानांची भाषा शिकतो. नंतरचा यंग ऑफिसर्स कोर्स, म्हणजे नव्या अधिकाऱ्यांचं शाखेचं प्रशिक्षण, मिळालेल्या आर्मप्रमाणे होतो. तोफखान्याला देवळाली, रणगाड्यांना अहिल्यानगर, इंजिनिअर्सना पुणे, पायदळाला महू.

मुलींसाठी ही यादी हळूहळू लांबत गेली. 1992 मध्ये त्यांचा प्रवेश सुरू झाला तेव्हा एएससी, ऑर्डनन्स, शिक्षण, कायदा अशा मोजक्याच शाखा होत्या. 17 फेब्रुवारी 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायम कमिशनचा, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती नव्हे तर निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा, रस्ता मोकळा झाला. एप्रिल 2023 मध्ये पहिल्या पाच जणी तोफखान्यात गेल्या. मे 2025 मध्ये एनडीएतून, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, 17 मुली पास झाल्या. पायदळ, चिलखती दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री (चिलखती गाड्यांतून लढणारं पायदळ) मात्र त्यांना पसंतीत अजून लिहिता येत नाही.