तलंगांना कॅल्शियमपुरवठा

तलंगांना कॅल्शियमपुरवठा : अंड्यावर येऊ घातलेल्या आणि नुकत्याच आलेल्या परसातील कोंबड्यांना नेहमीच्या खाद्याखेरीज शिंपला, चुनखडी किंवा अंड्याची टरफले या रूपात कॅल्शियम देण्याची पद्धत. ही नोंद सातारा व सांगली जिल्ह्यांतील दिवसा मोकळ्या सुटणाऱ्या आणि रात्री खुराड्यात कोंडल्या जाणाऱ्या कोंबड्यांपुरती आहे. विटा परिसरातील पिंजऱ्यांच्या व्यावसायिक पोल्ट्रीत कॅल्शियम लेयर मॅशमधूनच (अंड्यावरील कोंबड्यांच्या तयार खाद्यातूनच) मिळते.

अंड्याचे कवच ५ ते ६ ग्रॅम भरते व त्यात सुमारे ९५% कॅल्शियम कार्बोनेट असते. म्हणजे एका अंड्यामागे कोंबडीच्या अंगातून सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. मका, ज्वारी, बाजरी या धान्यांत ते ०.०५ टक्क्यांहूनही कमी असते, तेव्हा दिवसाला ८० ग्रॅम धान्य टिपूनही पदरात ०.०४ ग्रॅम पडत नाही. किडे, गोगलगायी व पाला यांतून थोडी भर पडते. शेवग्याचा १० ग्रॅम ओला पाला सुमारे ०.०४ ग्रॅम देतो. पालकातील कॅल्शियम त्यातील ऑक्झॅलेटमुळे फारसे लागू पडत नाही.

उरलेले कॅल्शियम येते कोठून, हा प्रश्न जुना आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी १७९९ मध्ये ओट या धान्यावर पोसलेल्या कोंबडीच्या अंडी-विष्ठेतील चुना मोजला, तो खाद्यातील चुन्यापेक्षा जास्त भरला. कोंबडी चुना ‘निर्माण’ करते असा अर्थ यातून काहींनी काढला. तो आता टिकत नाही. काइझ व पॉटर यांनी १९३४ मध्ये कबुतरांच्या माद्यांत अंडी घालण्याच्या काळात हाडांच्या पोकळीत तयार होणाऱ्या ठिसूळ अस्थीचे वर्णन केले. तिला मज्जास्थी म्हणता येईल. तलंगेत ही मज्जास्थी पहिल्या अंड्याच्या साधारण १० ते १४ दिवस आधी, इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाच्या प्रभावाखाली भरू लागते. कवच गर्भाशयात १८ ते २० तास चढत राहते, त्यातील मोठा भाग रात्री. त्या वेळी पोट रिकामे असेल तर मज्जास्थी खर्ची पडते. हा वाटा किती याबाबत आकडे जुळत नाहीत. एकचतुर्थांश ते दोनपंचमांश असा अंदाज बहुधा दिला जातो आणि आहारात भरड कण असल्यास तो बराच घटतो, असे मानण्यास जागा आहे.

पुरवठा केव्हा सुरू करावा यावर दोन मते आहेत. पहिले, मज्जास्थी भरण्याच्या काळात म्हणजे अंड्यापूर्वी सुमारे दोन आठवडे २ ते २.५% कॅल्शियमचे खाद्य द्यावे. दुसरे, कळपात पहिले अंडे दिसल्यावरच वाढ करावी. परसात पहिले मत अधिक सोयीचे ठरते, फक्त तारखेऐवजी लक्षणे पाहावीत : तुरा व गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) लालभडक होणे, पाठीवर हात ठेवताच बसकण मारणे, आडोसा धुंडाळणे, आणि ढुंगणाच्या दोन हाडांत दोन बोटे मावणे. ग्रामप्रियासारख्या सुधारित जाती पाच-साडेपाच महिन्यांत, गावठी कोंबडी सहा-सात महिन्यांत या अवस्थेला येते. शासकीय योजनेतील तलंगा ८ ते १० आठवड्यांच्या मिळतात. त्यांच्यात वरील लक्षणे दिसेपर्यंत जादा कॅल्शियम देऊ नये. वाढीच्या वयात १% पुरते. लेयर मॅशमधील ३.५ ते ४% दीर्घकाळ पोटात गेल्यास मूत्रपिंडे बिघडून गाऊट (अंगात यूरिक आम्ल साठण्याचा रोग) होतो. कोंबड्यालाही ते नको असते.

मिश्र वयाच्या कळपात म्हणूनच कॅल्शियम खाद्यात न कालवता वेगळ्या भांड्यात ठेवणे बरे. ह्यूज व वुड-गश यांनी १९७१ मध्ये कोंबडीला कॅल्शियमची स्वतंत्र भूक असते असे दाखवले. ती उपजत की अनुभवाने येणारी, हा वाद इथे फारसा आड येत नाही. आठवड्याला तीन-चार अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज ५ ते ६ ग्रॅम शिंपला लागतो, कारण त्यातील सुमारे ३८% कॅल्शियम आणि त्यातलेही निम्म्याच्या आसपास अंगी लागते. दहा कोंबड्यांना अर्धा किलो आठ-दहा दिवस पुरावा. कण २ ते ४ मिलिमीटरचे हवेत : असे कण पेषणीत (दाणे दळणाऱ्या स्नायुमय जठरात) अडकून रात्रभर विरघळतात, पिठी मात्र संध्याकाळीच पुढे निघून जाते. चुरा चाळून पिठी काढून टाकावी. भांडे जड, भिंतीला टेकलेले, पावसापासून आडोशाला असावे व दुपारी चारनंतर भरलेले असावे, कारण भूक तेव्हाच वाढते.

या दोन जिल्ह्यांचा खडक मुख्यतः बेसाल्ट आहे. त्याची खडी पेषणीत दाणे दळते, पण विरघळत नाही. खडी आहे म्हणून शिंपला नको, हा गैरसमज सर्रास दिसतो. जत, आटपाडी, माण या भागांतील जमिनीत सापडणारी चुनखड मातीमिश्रित असते आणि तिचा कस ढेकळागणिक बदलतो. लिंबाचा रस टाकल्यावर जोराने फेस आला तर कार्बोनेट आहे एवढेच कळते. मंद फेस येणारा दगड डोलोमाइट असू शकतो. त्यातील मॅग्नेशियममुळे कवच उलट बिघडते. पानपट्टीचा चुना थेट देऊ नये, तोंड व अन्ननलिका भाजते. चुन्याची निवळी पाजण्याचा प्रघात आहे, पण लिटरभर निवळीत कॅल्शियम एक ग्रॅमही नसते. कोंबडी पिते पाव लिटर, तेही अल्कधर्मी चवीमुळे कमीच.

घरची टरफले चालतात. ती धुऊन, दहा मिनिटे उकळून, कडक वाळवून भरडावीत. अर्धी टरफले तशीच टाकल्यास अंडी फोडून खाण्याची सवय लागण्याचा धोका असतो. अंगी लागण्याचे प्रमाण पाहता एका टरफलाने दुसऱ्या अंड्याचे निम्मेच कवच भागते, म्हणून शिंपला बंद करू नये.

शिंपला असूनही कवच पातळ राहिल्यास प्रथम ऊन पाहावे. चैत्र-वैशाखात कोंबडी धापा टाकते, रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कार्बोनेटच कमी पडते. तेथे जादा शिंपल्यापेक्षा सावली, थंड पाणी आणि पहाटेचे खाद्य उपयोगी. पावसाळ्यात दिवसेंदिवस कोंडलेल्या कोंबड्यांना ‘ड३’ जीवनसत्त्व कमी पडते, त्याविना आतड्यात कॅल्शियम नीट शोषले जात नाही. सुरुवातीची एक-दोन बिनकवचाची अंडी मात्र गर्भाशय अजून रुळला नसल्याची खूण असते. त्यासाठी डोस वाढवू नये.

अंडे अडकून कोंबडी शेपटी खाली टाकून जोर करत बसली, तर शिंपल्याचा उपयोग होण्याइतका वेळ नसतो. तिला कोमट पाण्यात बसवून, द्रवरूप कॅल्शियम पाजून पशुवैद्यकाकडे न्यावे. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सुरकुतलेली किंवा एकाएकी फिकी, मऊ अंडी कळपभर दिसू लागली तर संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस वा अंडी-घट रोगाचा संशय धरावा. खुडूक कोंबडीपुढील भांडे तसेच राहू द्यावे, ती आपोआप कमी खाते.