गाणारे मुंबईला, गाणी गावाला

गोव्यातल्या फोंड्यात एका मित्राच्या जुन्या घराच्या सोप्यावर आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा जमतो. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक जुनं गाणं आणायचं, सगळ्यांना ऐकवायचं आणि ते पहिल्यांदा कुठे कानावर पडलं ते सांगायचं, एवढाच नेम. पाच वर्षं हे चाललं आहे. या पाच वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. "मी एकटा होतो, खोलीत बसून ऐकत होतो" असं उत्तर आजवर कोणीच दिलेलं नाही. कोणी देवळाचा सभामंडप सांगतो, कोणी पसरकाराच्या दुकानातलं बाकडं, कोणी जत्रेतला माडाला बांधलेला कर्णा, तर कोणी मुंबईहून आलेल्या काकाची ट्रंक. गाण्याबरोबर माणसं येतात, त्या माणसांचे आवाज येतात, आणि मग गाणं संपलं तरी आमचं बोलणं संपत नाही.

आणखी एक. बोलतो ते आम्ही कोंकणीत. पण सांगून झालं की ओठांवर येतं ते गाणं बहुतेक वेळा मराठी असतं. गोव्याबाहेरच्या मित्रांना हे कोडं वाटतं. आमच्या घरांतून मात्र हीच रीत होती. रडणाऱ्या पोराला आजी कोंकणीत निजवायची आणि तीच आजी तिन्हीसांजेला ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग म्हणायची. आरती मराठी, कीर्तन मराठी, पोथी मराठी आणि उत्सवातलं नाटकही मराठी. दोन्ही भाषा एकाच घरात वाढल्या, आणि गाण्याचं दप्तर मुख्यतः मराठीकडे राहिलं.

आमच्या गाण्यांचा उगम शोधायला गेलं तर पाय देवळातच जाऊन थांबतात. मंगेशी, म्हार्दोळ, बांदिवडे, कवळे हा फोंडा तालुक्याचा पट्टा अठराव्या शतकापर्यंत पोर्तुगिजांच्या हाती नव्हता. जुन्या काबिजादीतून, म्हणजे तिसवाडी, साष्टी, बार्देशमधून देव हलवले गेले ते इकडे. देवांमागून पुजारी आले, वाजवणारे आले, गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणी आल्या. देवळाची सेवा करणाऱ्या या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या सूर सांभाळला. समाजाने त्यांचं गाणं घेतलं, पण त्यांना मान दिला नाही. हे लिहिताना मला आजही जड जातं. ज्या बायकांच्या गळ्यावर आपण इतका गर्व करतो, त्यांतल्या कित्येकींना गाव सोडावं लागलं ते पोटासाठी, आणि माणूस म्हणून ताठ उभं राहता यावं यासाठीही.

फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर मुंबईला गेल्या आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत तयार झाल्या. सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरांना आईने लहानपणीच नाटक मंडळीत घातलं. पुढे सांगलीत त्यांनाही अल्लादिया खाँसाहेबांचीच तालीम मिळाली. बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे मुंबईला गेल्या आणि 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात त्यांनी जे गायलं, त्याने मराठी रंगभूमीवरच्या गाण्याचं वळणच बदललं. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले आणि 1918 साली त्यांनी सोबत्यांसह 'बलवंत संगीत मंडळी' काढली. ही नावं मी यादी म्हणून देत नाही. फोंड्यातून सकाळी निघालं तर मंगेशी, केरी, बांदिवडे ही तिन्ही गावं दुपारच्या जेवणाआधी पाहून होतात. एवढ्याशा मुलखातून एवढे गळे निघाले, आणि जवळजवळ सगळे घाट चढून किंवा बोटीत बसून निघून गेले.

गावात मागे उरलं ते उत्सवी नाटक. काल्याला, शिमग्यात, गणपतीत गावातलीच मंडळी तोंडाला रंग लावून उभी राहायची. दुकानदार राजा व्हायचा, मास्तर नारद व्हायचा, आणि नाकीडोळी नीटस असा एखादा तरुण शालू नेसून नायिका व्हायचा. पायपेटीवर कोणीतरी सूर धरायचा आणि नांदी सुरू व्हायची. मूळ नाटक पुण्या-मुंबईत कोणी केलं, पद कोणत्या रागात बांधलं, याची चौकशी गावाने केली नाही. "ते पद आमच्या भिकूमामाचं" असं लोक म्हणत, आणि खरोखर ते त्याचंच झालेलं असे. आमच्यातला एक निवृत्त शिक्षक दर वेळी नाट्यपदच आणतो. मोठ्या गायकाची ध्वनिमुद्रिका लावतो आणि दोन ओळींनंतर हात वर करतो, "इथे आमच्या गावात तान अशी घ्यायचे," म्हणून स्वतः गाऊन दाखवतो. त्याच्यासाठी मूळ ती गावातली तान, ध्वनिमुद्रिका ही नक्कल.

ध्वनिमुद्रिकांनी गेलेले गळे परत आणले. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत रात्र खाणारं पद तेवढ्यात बसवायचं म्हणजे आलापी छाटायची, मुखडा पुढे आणायचा, शेवटची तान नेमकी मारायची. जुन्या जाणकारांना ही छाटणी खुपत असे. मला मात्र वाटतं की गाणं घरोघर पाठ झालं ते या आखूडपणामुळेच. अर्ध्या तासाचं गाणं ऐकणारा भारावून जातो, पण तीन मिनिटांचं गाणं तो विहिरीवर पाणी ओढतानाही म्हणतो.

केसरबाईंची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रेडिओवर गायला त्यांनी नकार दिला होता, आणि त्यांची ध्वनिमुद्रणंही मोजकीच मागे राहिली. त्यांतलं भैरवीतलं 'जात कहाँ हो' हे साडेतीन मिनिटांचं गाणं 1977 साली अमेरिकेच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीसाठी निवडलं गेलं. दोहोंतलं नंतरचं यान 5 सप्टेंबरला सुटलं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गाणं सूर्यमालेच्या बाहेर निघालं आणि अकरा दिवसांनी गाणारीही निघाली. आमच्या बैठकीत हे गाणं केरीच्याच एका मैत्रिणीने आणलं होतं. ते वाजत असताना सोप्यावर कोणी हललं नाही. संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "आमच्या वाड्यावरल्या बाईचा आवाज."

मग रेडिओ. पोर्तुगीज राजवटीत 1946 साली 'एमिसोरा द गोवा' हे नभोवाणी केंद्र सुरू झालं. पण आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत त्याहून जास्त जागा अडवली आहे ती सिलोनने, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या रेडिओ केंद्राने. 1952 साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाल्यावर भारताच्या आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली, आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. लघुलहरींना भारताची सीमा अडवत नव्हती, तशी पोर्तुगिजांचीही नव्हती. खाणींचा पैसा आणि जकातीची सवलत यांमुळे गोव्यात तेव्हा परदेशी मालाला तोटा नव्हता, म्हणून पैसेवाल्यांकडे चांगले परदेशी रेडिओ होते. बाकीचे त्या घराच्या खिडकीखाली बसत. बुधवारी रात्री आठला त्या खिडकीखाली कोण कोणाशेजारी बसे, यावरून गावात कोणाचं कोणावर मन आहे ते कळायचं, असं माझी आत्या सांगायची. सकाळी साडेसात ते आठ सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि शेवटचं गाणं सैगलचं असे. आमच्यातल्या एकाचे वडील ते गाणं सुरू झालं की चप्पल घालत आणि संपता संपता कामाला निघत. वडील जाऊन तीस वर्षं झाली. सैगलचा आवाज आला की या गृहस्थाचे डोळे अजूनही दाराकडे जातात.

याच काळात एक गोष्ट घडली, जी मला फार जवळची आहे. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द आणि बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा स्वर. पुढचं वर्षभर, 56 गाणी. त्याच वर्षी 15 ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि नंतर सीमा बंद झाली. रेल्वे थांबली, बोट थांबली, पाहुणे थांबले. सारा महाराष्ट्र ती गाणी गात होता तेव्हा आमचं घर त्यापासून तुटलेलं होतं. पुढे 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि पहिल्याच उन्हाळ्यात बेळगावची मावशी आली. येताना तिने एक वही आणली. रेडिओ ऐकून ऐकून तिने गीतरामायणातली गाणी स्वतःच्या हाताने उतरवली होती. शब्द आले, पण चाल वहीत कशी येणार? मावशी गाणारी नव्हती. मग आईने ती गाणी ओवीच्या चालीवर म्हणायला सुरुवात केली. जात्यावर, चुलीपुढे, आम्हांला न्हाऊ घालताना. मूळ चाल घरात पोचली ती पुष्कळ पुढे, शेजाऱ्यांनी रेडिओ घेतल्यावर. आई थबकून ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे पण बरं आहे." मी बैठकीत बाबूजींचं गाणं लावलं, तेव्हा मित्रांनी ते ऐकलं. माझ्या कानात मात्र खालून आईची ओवी चालू होती.

मुक्तीच्या आदल्या दिवशी, 18 डिसेंबरला, भारतीय विमानांनी बांबोळीचं नभोवाणी केंद्र निकामी केलं होतं. पुढच्याच महिन्यात पणजीतून आकाशवाणी बोलू लागली. वेशीपलीकडे ऐकू येणारं मराठी गाणं आता गावातलंच झालं. पत्र लिहून गाणं मागायचं, आपलं नि गावाचं नाव ऐकण्यासाठी सगळ्या वाड्याने कान लावायचे, हे आम्ही सगळ्यांनी केलेलं आहे.

साठच्या दशकात आणखी एक माणूस गाणी घेऊन घरी परतला, असं मी मानतो. मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी. मुंबईत 1919 साली स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनने 1964 साली 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आणलं. संगीत अभिषेकीबुवांचं, गाणारे म्हापशाचे रामदास कामत आणि गोव्याच्याच आशालता वाबगावकर. संस्था गोवेकरांची, संगीतकार गोव्याचा, गळे गोव्याचे, आणि प्रयोग दादर-गिरगावात! बुवांनी पदांची संख्या कमी केली, चाली आटोपशीर केल्या, आणि तरुणांना नाट्यसंगीत पुन्हा आपलं वाटू लागलं. तीच पदं दोन-तीन वर्षांत इथल्या उत्सवी नाटकांत आली. आमच्या गटातल्या तिघांचं सर्वांत आवडतं गाणं याच काळातलं आहे, आणि तिघांनीही ते पहिल्यांदा ऐकलं ते गावातल्या हौशी नटाच्या तोंडून.

साष्टीतला आमचा एक ख्रिस्ती मित्र या सगळ्यात वेगळाच कान घेऊन बसतो. तो हिंदी चित्रपटगीत आणतो आणि शब्द सुरू झाले की गप्पा मारतो. मधलं संगीत आलं की बोट ओठांवर ठेवतो. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या वाद्यवृंदांचा कणा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ रचणारे सेबास्टियन डिसोझा. लोक गायकाचं नाव सांगतात, संगीतकाराचं सांगतात, पण अंतऱ्याआधीच्या त्या व्हायोलिनच्या लाटा कोणी लिहिल्या ते सांगत नाहीत. तो सांगतो. त्याचं ऐकून आम्हीही आता मधल्या संगीताला गप्प बसतो.

कॅसेटच्या काळाबद्दल थोडंच सांगतो. आखातातून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात टेपरेकॉर्डर असायचा आणि गाणं पहिल्यांदाच घरात एकट्याने ऐकता येऊ लागलं. पण त्याच यंत्राने आमचे आवाजही धरून ठेवले. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं. एका मित्राने ऐंशीच्या दशकात तिथल्या एका पाराचं, म्हणजे गाणाऱ्यांच्या मंडळीचं, ध्वनिमुद्रण केलं होतं. त्यात मधेच कोणीतरी खोकतं. तो खोकला त्याच्या वडिलांचा. कॅसेटवरून मोबाइलवर उतरवून देणाऱ्या पोराने "काका, हा आवाज काढून साफ करून देऊ?" असं विचारलं, तेव्हा त्याने कॅसेट त्याच्या हातातून परत घेतली होती.

गेल्या मे महिन्यात आमची बैठक सोप्यावर झाली नाही. आम्ही कुर्डीला गेलो. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं मोगूबाईंचं हे गाव उन्हाळ्यात पाणी ओसरलं की महिनाभर उघडं पडतं. चौथरे दिसतात, विहिरींचे कठडे दिसतात, आणि विस्थापित झालेले गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला परत येतात. भेगाळलेल्या चिखलावर आम्ही चटई अंथरली. निवृत्त शिक्षकाने त्या दिवशी नाट्यपद आणलं नव्हतं. त्याने मोबाइलवर मोगूबाई लावल्या आणि आवाज वाढवला. शेजारच्या चौथऱ्यावर बसलेली एक म्हातारी उठून आमच्याजवळ आली, कोण गातंय म्हणून विचारलं. आम्ही नाव सांगितलं. "कुर्डीचीच मगो ती," म्हणाली आणि हाताने दाखवलं, "घर थंय आशिल्लें." आणि आमच्या चटईवर येऊन बसली.