फोनमधलं व्हीपीएन ‘नुसतं चालू’ होत नसते

“सेटिंगमध्ये व्हीपीएन असतेच, ते चालू करा, मग आपण काय पाहतो ते कोणालेच दिसत नाही.” दारव्हा-दिग्रसकडच्या मोबाइल दुकानांपासून व्हॉट्सॲप ग्रुपांपर्यंत फिरणारा हा सल्ला अर्धवट आहे. व्हीपीएन म्हणजे फोनचं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून (दूरच्या संगणकातून) कुलूपबंद नेणारी वाट.

‘नेटवर्क आणि इंटरनेट’मध्ये व्हीपीएन उघडा, अधिकचं चिन्ह दाबा. बहुतेक अँड्रॉइड फोन लगेच सर्व्हरचा पत्ता विचारतो. तो कुठून आणणार? फोनमध्ये असते ती फक्त मोटर, विहीर दुसऱ्याची लागते: ऑफिसचा सर्व्हर, नाहीतर पैसे भरून किंवा फुकटात घेतलेली सेवा.

जोडणी झाली की वर चावीचं चिन्ह येतं. मग एसटी स्टँडवरच्या फुकट वायफायवाल्याला किंवा सिमकंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर आहात ते कळत नाही. व्हीपीएनवाल्याला मात्र कळू शकतं. (फुकटात देणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हे एकदा विचारून पाहाच.) सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार तर अशा सेवावाल्यांना ग्राहकांची नोंद ५ वर्षं ठेवायची आहे. गूगल, फेसबुकमध्ये लॉग-इन असाल, तर तेही तुम्हाला ओळखतातच.

आणि ‘पीएम किसान’च्या नावानं आलेली एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल) तुम्हीच फोनमध्ये टाकली, मागितलेल्या परवानग्याही दिल्या, तर ओटीपी फोनमधूनच वाचला जातो, तिथं व्हीपीएनचं काही चालत नाही.