सोंगटी गेली, पण स्ट्रायकर पण गेला!

आमच्या भाच्याचा कॅरममधला एक ठरलेला घोटाळा आहे. सोंगटी होलच्या अगदी तोंडाशी सरळ रेषेत असते, कोणीही घालेल अशी, आणि हा पठ्ठ्या सगळी ताकद लावून असा काही टोला हाणतो की सोंगटी आत आणि तिच्या मागोमाग स्ट्रायकरपण आत. मग दंड, सोंगटी परत बोर्डावर, आणि वर मलाच विचारणार, मामा सोंगटीला धडकल्यावर स्ट्रायकर थांबायला नको का?

नववीत आहे तो, न्यूटनचे तिन्ही नियम पाठ आहेत, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण चाचणीत "जमिनीवर घरंगळणारा चेंडू का थांबतो?" या प्रश्नाला त्याने लिहिलं होतं, "कारण त्याला दिलेलं बल संपतं". मार्क अर्थातच गेले. मी त्याला फार हसलो नाही, कारण ॲरिस्टॉटललाही साधारण असंच वाटायचं की वस्तू चालू ठेवायची तर कुणीतरी ढकलत राहायला पाहिजे, आणि पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं बहुतेक लोक तेच धरून बसले होते.

मग त्याला म्हटलं, पावडर पुसून टाक आणि स्ट्रायकर मार. गेला वीतभर आणि थांबला. आता पावडर टाक आणि तेवढ्याच जोरात मार. गेला सुळकन पलीकडच्या फ्रेमला आपटून परत. टिचकी तीच, बोट तेच, मग आधी "बल लवकर संपलं" आणि आता "उशिरा संपलं" असं झालं का? बल असं स्ट्रायकरमध्ये पेट्रोलसारखं भरून जातच नाही मुळी. नख सुटलं त्या क्षणी टिचकीचं बल खलास, त्यानंतर स्ट्रायकर जातोय तो नुसता जडत्वाने (म्हणजे चालू असलेली वस्तू आपली आपण चालूच राहते), आणि त्याला थांबवतंय ते बोर्डाचं घर्षण. पावडरीने घर्षण कमी केलं एवढंच. (पावसाळ्यात दमट हवेने पावडरीचा चिखल होतो आणि बोर्ड "जड" होतो ते यामुळेच, आमच्या चाळीत तेव्हा बोर्डावर पिवळा बल्ब तासभर आधी लावून ठेवायचे.) घर्षण अगदी शून्य असतं तर? तर थांबणारच नाही, असा विचार करणारा गॅलिलिओ, आणि त्याचा नीट नियम 1687 साली न्यूटनने छापला. 1977 साली सोडलेलं व्हॉयेजर 1 यान आज सेकंदाला साधारण 17 किलोमीटरने चाललंय, मागून कुणी ढकलत नाहीये, तिथे अडवायला हवाही नाही आणि बोर्डही नाही.

आता भाच्याचा मूळ प्रश्न, धडकल्यावर स्ट्रायकर थांबत का नाही. दोन सोंगट्या घ्या, एक बरोब्बर समोरून दुसरीवर सरकवा, पहिली जवळजवळ जागेवर थांबते आणि दुसरी निघते, कारण दोघींचं वजन सारखं. पण स्ट्रायकर नियमाप्रमाणे 15 ग्रॅमपर्यंत असतो आणि सोंगटी 5 ते साडेपाच ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तिप्पट फरक. सोपं जावं म्हणून 15 आणि 5 धरू. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, तो टकरीच्या आधी आणि नंतर सारखाच राहतो. धडकताना स्ट्रायकरचा वेग 100 सेंटिमीटर प्रतिसेकंद असेल तर संवेग 1500. टक्कर अगदी आदर्श, म्हणजे ऊर्जा अजिबात वाया न जाणारी, धरली तर सोंगटी 150 ने सुटते (5 गुणिले 150 म्हणजे 750) आणि स्ट्रायकर 50 ने तिच्या मागोमाग पुढेच जात राहतो (15 गुणिले 50, परत 750). बेरीज जुळली! म्हणजे सोंगटी स्ट्रायकरपेक्षाही जोरात पळते, हे मला पहिल्यांदा हिशोब केला तेव्हा खरं वाटलं नव्हतं. आणि तिसरा नियम कुठे आहे विचाराल तर इथेच, स्ट्रायकरने सोंगटीला जेवढं ढकललं तेवढंच सोंगटीने स्ट्रायकरला उलटं ढकललं, म्हणून एकाचे 750 गेले आणि दुसरीला 750 मिळाले.

थांबायला लागणारं अंतर मात्र वेगाच्या वर्गावर असतं. वेग दुप्पट तर अंतर चौपट, तिप्पट तर नऊपट. (बाइक 40 ऐवजी 80 ने चालवली तर ब्रेक दाबल्यावर दुप्पट नाही, चौपट लांब घसटत जाते, हे लायसन्स काढताना कुणी सांगत नाही.) इथे वजनाचा प्रश्न येत नाही, कारण स्ट्रायकरवर घर्षण तिप्पट पण त्याला थांबवणंही तिप्पट अवघड, फिट्टंफाट. सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या तिप्पट, म्हणजे सोंगटी 18 सेंटिमीटर जाऊन थांबणार असेल तर स्ट्रायकर त्याच वेळच्या टकरीनंतर फक्त 2 सेंटिमीटर सरकणार. प्रत्यक्षात त्या "टक्" आवाजात वगैरे थोडी ऊर्जा जाते म्हणून नऊपट काही भरत नाही, पण फरक मोठाच राहतो.

म्हणजे भाच्याचा घोटाळा सोंगटीचा नव्हताच, जोराचा होता. सोंगटी जेमतेम होलपर्यंत पोचेल एवढंच मारलं तर स्ट्रायकर बराच आधी दमून, सॉरी, घर्षणाने थांबतो. दणकून मारलं की सोंगटी होलमध्ये पडून मोकळी, आणि स्ट्रायकरकडे उरलेला अर्धा वेगसुद्धा त्याला आत न्यायला पुरतो.

हे सगळं कागदावर मांडून दाखवल्यावर भाच्याने मान डोलावली, पावडर शिंपडली, श्वास रोखून एकदम नाजूक टिचकी मारली. स्ट्रायकर होलमध्ये गेला नाही. सोंगटीपर्यंतपण गेला नाही.