बॅटरी-स्थिती निदान, लिनक्सवरील

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये बॅटरीची पातळी, चार्जिंगची अवस्था आणि उरलेला वेळ यांचे आकडे चुकीचे दिसणे, थिजणे किंवा मुळीच न दिसणे या दोषांचे मूळ शोधण्याची रीत. पडद्याच्या कोपऱ्यातली टक्केवारी कोणी थेट मोजलेली नसते. बॅटरीच्या पॅकमधील मापक चिप आत-बाहेर जाणारा विद्युतभार मोजते. मदरबोर्डवरील एम्बेडेड कंट्रोलर ती मोजणी वाचतो, फर्मवेअरच्या (यंत्रात बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) तक्त्यातील छोटा प्रोग्रॅम ती कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळवतो, कर्नल ती फायलींमध्ये मांडतो आणि यूपॉवर ही सेवा तिथून उचलून डेस्कटॉपला पुरवते. आकडा या साखळीत कोणत्या कडीवर बिघडला, एवढाच निदानाचा प्रश्न असतो.

इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये आणलेल्या एपीएम या वीज-व्यवस्थापन पद्धतीत सगळा कारभार बायॉसच्या, म्हणजे यंत्राच्या फर्मवेअरच्या, हाती होता. प्रणालीला टक्केवारी आणि वेळेचा अंदाज आयता मिळे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे हार्डवेअरची मांडणी व वीज हाताळण्याचे मानक जाहीर केले व सूत्रे कार्यप्रणालीकडे आली. २०१३ पासून हे मानक यूईएफआय फोरम ही फर्मवेअर मानकांची संस्था सांभाळते. लिनक्समध्ये एसीपीआयचा वापर कर्नलच्या २.४ मालिकेत चाचपडत सुरू झाला; तो सर्वसाधारण वापरकर्त्याला भरवशाचा कधी झाला याविषयी मतभेद असले, तरी २.६ मालिका (डिसेंबर २००३) ही सीमारेषा धरणे सोयीचे ठरते.

एसीपीआयमध्ये लॅपटॉप बनवणारा डीएसडीटी नावाचा तक्ता फर्मवेअरमध्ये ठेवतो. त्यातील बीआयएफ ही पद्धती बॅटरीची स्थिर माहिती देते, बीएसटी ही चालू स्थिती सांगते. २००९ च्या ४.० आवृत्तीत बीआयएक्स ही विस्तारित पद्धती आली. हा तक्ता म्हणजे कर्नलच्या आत चालवला जाणारा परका प्रोग्रॅम असल्याने त्यातील चुका लिनक्सच्या माथी येतात. या चुका मुळात का होतात, हा जुना वाद आहे. एका मतानुसार त्या हेतुपुरस्सर असतात. आधार म्हणून बिल गेट्स यांच्या जानेवारी १९९९ मधील अंतर्गत पत्राकडे बोट दाखवले जाते. आपण व भागीदारांनी एसीपीआयवर कष्ट घ्यावेत आणि लिनक्सला ते फुकटात मिळावे, याबद्दलची नाराजी त्यात आहे. आयोवा राज्यातील एका खटल्याच्या पुराव्यांतून हे पत्र उजेडात आले. २००८ मध्ये फॉक्सकॉनच्या एका मदरबोर्डच्या तक्त्यावरून असाच आरोप झाला. (तो बोर्ड डेस्कटॉपचा होता, बॅटरीशी त्याचा संबंध नव्हता, तरीही हे उदाहरण या चर्चेत हमखास येते.) कर्नल विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी तो तक्ता तपासून दोष नेहमीच्या प्रकारचा असल्याचे दाखवले. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: तक्त्याने ‘तू कोण?’ असे विचारले की लिनक्स विंडोजच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना होकार देते, आणि ‘लिनक्स’ या नावाला २००७ च्या सुमारापासून नकार देते. त्यामुळे लिनक्ससाठी मुद्दाम लिहिलेली वाट सहसा चालवलीच जात नाही. दुसरे मत साधे आहे: तक्ते फक्त विंडोजवर तपासले जातात, तक्ते तयार करणारा मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ढिला आणि इंटेलचा कडक, म्हणून एकीकडे खपलेली चूक दुसरीकडे उघडी पडते. उपलब्ध पुरावा या मताकडे अधिक झुकतो. पत्रातून इच्छा दिसते, कृती सिद्ध होत नाही.

कर्नल पूर्वी ही माहिती प्रॉक फाइलप्रणालीत वाचनीय मजकूर म्हणून देई. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ पासून ती सिस/क्लास/पॉवर_सप्लाय या डिरेक्टरीत मिळू लागली. तिथे बॅटरी बहुधा बॅट० किंवा बॅट१ नावाने दिसते. ठरावीक नाव गृहीत धरणाऱ्या स्क्रिप्ट यामुळेच फसतात. खरा घोळ एककांचा आहे. काही फर्मवेअर ऊर्जा मिलिवॉट-तासांत सांगतात, काही भार मिलिअँपिअर-तासांत. पहिल्या प्रकारात एनर्जी_नाऊ, एनर्जी_फुल, पॉवर_नाऊ या फायली असतात, दुसऱ्यात चार्ज_नाऊ, चार्ज_फुल, करंट_नाऊ. फर्मवेअरचे आकडे मिलिमध्ये असले तरी या फायलींतली एकके मायक्रोमध्ये असतात. एनर्जी_फुल_डिझाइन ५,००,००,००० आणि एनर्जी_फुल ३,८०,००,००० असेल, तर ५० वॉट-तासांची बॅटरी झिजून ३८ वर आली, म्हणजे ७६ टक्के उरली. एनर्जी_नाऊ १,९०,००,००० व पॉवर_नाऊ ९५,००,००० असेल तर सुमारे दोन तास. २०१० व २०११ च्या काही थिंकपॅडमध्ये चार्जर लावला-काढला की एककच बदले, आणि मिलिअँपिअर-तास म्हणून आलेले आकडे १०,००० भागिले मिलिव्होल्टमधील मूळ व्होल्टता या गुणकाने दुरुस्त करावे लागत, १०.८ व्होल्टच्या बॅटरीला तो सुमारे ०.९३ येतो. कर्नलच्या बॅटरी चालकात या मॉडेलांसाठी वेगळी तरतूद आहे. काही तक्ते डिस्चार्जचा प्रवाह १६ बिटांत ऋण देतात, तेव्हा १,००० मिलिअँपिअरऐवजी ६४,५३६ वाचले जाते. चालक हा आकडा सरळ करून घेतो आणि फर्मवेअर दोषाची ओळ डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, सोडतो.

प्रत्यक्षात आधी सिसमधील फायली कॅट या आज्ञेने वाचाव्यात, मग ‘यूपॉवर -डी’ चालवावे. सिस बरोबर आणि यूपॉवर चूक, तर सेवा पुन्हा सुरू करावी. तिच्या कॉन्फिगरेशनमधील नोपोलबॅटरीज हा बॅटरीची नियमित विचारणा थांबवणारा पर्याय कोणी चालू करून ठेवला आहे का, तेही पाहावे. सिसच चूक असेल तर डेस्कटॉपच्या सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही. चार्जर काढूनही ‘चार्जिंग’ दिसत राहिले, तर यूडेव्हअ‍ॅडएम मॉनिटर (हार्डवेअरच्या घटना दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून चार्जर लावावा-काढावा. घटना येतच नसेल तर फर्मवेअर सूचना देत नाही. ८० टक्क्यांवर अडकलेली बॅटरी बहुतेक वेळा बिघडलेली नसते, चार्जिंगची मर्यादा लावलेली असते. स्थिती ‘नॉट चार्जिंग’ दिसते, जुन्या कर्नलवर ‘अननोन’.

पुढचा उपाय फर्मवेअर अद्ययावत करणे; अनेक यंत्रांवर ते एफडब्ल्यूयूपीडी या फर्मवेअर अद्ययावत करणाऱ्या साधनाने होते. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण काही वेळ दाबून ठेवल्यास एम्बेडेड कंट्रोलर कधी कधी ताळ्यावर येतो. बूटच्या वेळी एसीपीआय_ओएसआय हा पॅरामीटर देऊन तक्त्याला वेगळी विंडोज आवृत्ती भासवता येते. एसीपीआयडंप या साधनाने तक्ता काढून, आयएएसएल या इंटेलच्या कंपायलरने उलगडून, दुरुस्त प्रत इनिटआरडी या बूटच्या सुरुवातीला चढणाऱ्या फाइलीतून चढवणे हा शेवटचा मार्ग. फर्मवेअर बदलले की ही प्रत शिळी होते, म्हणून दोष कर्नलच्या बगझिला या दोष-नोंदणी संकेतस्थळावर, काढलेल्या तक्त्यासह, नोंदवणे बरे. संपूर्ण चार्ज व संपूर्ण डिस्चार्ज करून मापक चिप जुळवण्याचा सल्ला जुन्या बॅटऱ्यांना लागू पडतो. नव्या लिथियम बॅटऱ्यांवर तो वारंवार करणे झिजेच्या दृष्टीने योग्य मानले जात नाही.

आर्म प्रोसेसरच्या लॅपटॉपवर लिनक्स सहसा एसीपीआयऐवजी डिव्हाइस ट्री हे हार्डवेअरचे वर्णन वापरते, त्यामुळे डीएसडीटीचे वरील विवेचन तिथे लागू नाही. स्नॅपड्रॅगनच्या यंत्रांत बॅटरीची माहिती एका वेगळ्या सहायक प्रोसेसरकडून येते. त्याचे फर्मवेअर चढले नाही तर बॅटरी यादीतच दिसत नाही.