पेरोव्स्काइट सोलर सेलमधली अ‍ॅडिटिव्ह

पेरोव्स्काइट म्हणजे एका ठराविक रचनेचे स्फटिक, सोलर सेलमध्ये ते बहुधा शिसं आणि आयोडीन असलेले असतात. या सेलमध्ये ऊन शोषणारा जो पेरोव्स्काइटचा थर असतो तो बनवताना मूळ द्रावणात मुद्दाम थोडंसं वेगळं रसायन घालतात, त्याला अ‍ॅडिटिव्ह म्हणतात. थर असतो जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड आणि बनवायची पद्धत दिसायला एकदम सोपी, काचेवर द्रावण टाकायचं, काच गरगर फिरवायची आणि मग हॉटप्लेटवर साधारण १०० ते १५० डिग्रीला तापवायची. नेहमीच्या सिलिकॉन सेलसारखी १४०० डिग्रीची भट्टी लागत नाही.

पण अडचण तिथेच आहे. द्रावण सुकताना स्फटिक इतक्या घाईत तयार होतात की दाणे बारीक राहतात, मध्ये भोकं पडतात, आणि दाण्यांच्या कडांना शिशाचे अणू अर्धवट मोकळे राहतात, मग उन्हाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन बाहेर वायरीत जायच्या ऐवजी तिथेच अडकून वाया जातात आणि हवेतली ओलही तिथूनच आत शिरते. खडीसाखर करताना पाक सावकाश निवू दिला तरच मोठे खडे धरतात, इथेही तसंच, आणि अ‍ॅडिटिव्हचं पहिलं काम म्हणजे ही घाई थांबवणं. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) हे खरं तर सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, पण ते द्रावणातल्या लेड आयोडाइडला (शिसं आणि आयोडीनचं संयुग) काही काळ धरून ठेवतं म्हणून हेच काम करतं.

खूप वापरलं जाणारं एक अ‍ॅडिटिव्ह म्हणजे मिथाइलअमोनियम क्लोराइड. फॉर्मामिडिनियम लेड आयोडाइड या पेरोव्स्काइटचं काळं रूप वीज बनवायला उत्तम, पण साध्या तापमानाला ते पिवळं पडून निकामी होतं. हे क्लोराइड घातलं की काळं रूप धरायला मदत होते, दाणे मोठे होतात, आणि तापवताना त्यातलं बहुतेक उडून जातं. काम करून निघून जाणारं रसायन, मला तरी यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

काही मात्र आतच राहतात. थायोयुरियासारख्या रेणूतलं गंधक मोकळ्या शिशाला इलेक्ट्रॉनची जोडी देऊन ती जागा बुजवतं, पोटॅशियम आयोडाइड आयोडीनची इकडून तिकडे होणारी धावपळ कमी करतं. शिशाऐवजी कथील वापरलं तर ते हवेत लगेच ऑक्सिडाइज होतं म्हणून टिन फ्लोराइड घालतात. २०२१ मध्ये फक्त २% फॉर्मेट (फॉर्मिक आम्लापासूनचा आयन) घालून २५.६% एफिशियन्सी मिळाली, म्हणजे उन्हातल्या ऊर्जेचा तेवढा भाग वीज झाला, दक्षिण कोरिया आणि स्वित्झर्लंडमधल्या गटांचं काम होतं ते. २००९ मध्ये जपानमध्ये शास्त्रज्ञ त्सुतोमु मियासाकांच्या गटाने पेरोव्स्काइट सोलर सेलची सुरुवात केली तेव्हा आकडा होता ३.८%!

प्रमाण चुकलं की उलटं होतं. लेड थायोसायनेट थोडं असेल तर दाणे मोठे होतात, जास्त झालं की कडांवर लेड आयोडाइड साचून राहतं. आणि नुसती एफिशियन्सी बघून अ‍ॅडिटिव्ह चांगलं म्हणणं बरोबर नाही, तोच सेल ऊन आणि उष्णतेत हजारो तास ठेवून बघायला हवा, शिवाय नखाएवढ्या सेलवर जमलेलं प्रमाण मोठ्या पॅनलवर लेप देताना तसंच चालेल असं नाही, कारण तिथे सुकण्याचा वेगच वेगळा असतो.