मत्स्यखाद्यातील प्रोबायोटिके

पाळीव माशांना खाद्यातून दिले जाणारे जिवंत, उपकारक सूक्ष्मजीव. पचन सुधारणे, रोगप्रतिकारशक्ती वाढवणे आणि त्यातून वाढीला हातभार लावणे हा त्यांचा हेतू. तळ्याच्या पाण्यात टाकायची जिवाणूंची पूड निराळी. ती साचलेला सेंद्रिय गाळ कुजवण्यासाठी असते. बाजारात दोन्ही ‘प्रोबायोटिक’ म्हणूनच विकली जातात, त्यामुळे गल्लत ठरलेली.

जपानमध्ये १९८६ साली कोझासा यांनी यलोटेल या सागरी माशाच्या खाद्यात बॅसिलस टोयोई या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टिकाऊ सुप्त रूपे, वापरले. मत्स्यपालनातील प्रोबायोटिकांची सुरुवात सहसा येथून धरतात. पुढे प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढू लागले, तसे या पर्यायाकडे लक्ष वळले. युरोपीय संघाने केवळ वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविके घालण्यावर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली.

बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, लॅक्टोबॅसिलस, पीडिओकॉकस आणि बेकरीत वापरतात ते यीस्ट यांचा वापर अधिक. हे सूक्ष्मजीव आतड्याच्या अस्तरावरील जागा आणि पोषणद्रव्ये यांसाठी एरोमोनास, व्हिब्रिओ यांसारख्या रोगकारकांशी स्पर्धा करतात. काही सेंद्रिय आम्ले व जिवाणूनाशक प्रथिने सोडतात. बॅसिलसच्या विकरांमुळे कोंडा आणि पेंडीतील पिष्ट व प्रथिने पचायला मदत होते. रक्तातील लायसोझाइम या जिवाणूनाशक विकराची क्रिया आणि जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींचे काम वाढल्याचेही अनेक प्रयोगांत दिसले आहे. वाढीचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. जात, तापमान, मात्रा बदलली की फरक पडतो. एका माशावरचे आकडे दुसऱ्याच्या पाकिटावर छापणे योग्य नव्हे.

जमिनीवरील जनावरांच्या तुलनेत माशाच्या आतड्यातील जिवाणू अस्थिर असतात. भोवतालच्या पाण्यातून आणि खाद्यातून सतत नवे आत येतात. म्हणून प्रोबायोटिक बंद केले की त्याची आतड्यातील संख्या घटत जाते. पचनमार्गही सारखा नसतो. रोहू, कटला, मृगळ यांना जठरच नाही, तेव्हा जिवाणूला तग धरायचा तो पित्तासमोर. तिलापियाच्या जठरात मात्र तीव्र आम्ल असते.

प्रयोगांत साधारणपणे १ ग्रॅम खाद्यामागे १० लाख ते १०० कोटी जिवंत पेशी देतात. कारखान्यात पेलेट, म्हणजे खाद्याच्या गोळ्या, बनवताना लागणारी उष्णता लॅक्टोबॅसिलसला सोसत नाही. बॅसिलसचे बीजाणू ती बऱ्याच अंशी सोसतात, आणि व्यापारी उत्पादनांत त्यांची चलती आहे ती यामुळेच. नाजूक जिवाणू पेलेट थंड झाल्यावर तेलासोबत फवारतात. शेततळ्यावर पूड गुळाच्या पाण्यात किंवा बाइंडरमध्ये (चिकटवणाऱ्या पदार्थात) कालवून खाद्याला चोळतात, सावलीत सुकवतात आणि लवकर वापरून टाकतात. उन्हात वाळवलेल्या खाद्यात जिवंत पेशी फारशा उरत नाहीत. प्रतिजैविकाचा उपचार चालू असताना प्रोबायोटिक देऊन उपयोग नसतो, कारण औषध बहुधा त्यालाही मारते. ते उपचार संपल्यावर सुरू करतात.